कोण नको, एवढंच ठरलं होतं

हा घटनाक्रम २५ जून १९७५ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास दिल्लीत, आणीबाणीपाशी येऊन थांबतो. सुरू होतो तो अहमदाबादच्या एका वसतिगृहातल्या जेवणाच्या बिलापासून. मधले ५५२ दिवस मी वडोदऱ्याच्या सुभानपुऱ्यात बसून मोजले, कारण या शहराचा या हकिगतीशी संबंध आरंभापासून आहे आणि शेवट झाल्यावरही तो सुटत नाही.

आणीबाणीबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. येरवडा आणि नाशिकचे तुरुंग, मिसाबंदींच्या आठवणी, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी घेतलेली भूमिका, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आधीचं गुजरात मात्र आपल्याला एका वाक्यापुरतंच माहीत असतं: विद्यार्थ्यांनी सरकार पाडलं. पाडलं, हे खरं. पण पाडल्यानंतरच्या दिवसांत काय झालं आणि ते कोणी केलं, हे तारखेवार पाहिलं की माझा जीव अजूनही खालीवर होतो.

५५२ दिवस आधी. २० डिसेंबर १९७३

अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल २० टक्क्यांनी वाढलं. पोरांनी संप पुकारला. आज ऐकताना कारण किरकोळ वाटतं, पण त्या हिवाळ्यात गुजरातेत स्वयंपाकघर चालवणं म्हणजे रोजची लढाई होती. केंद्राकडून येणारा गव्हाचा कोटा जवळजवळ निम्म्यावर आला होता. सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा डबा मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेला होता. सौराष्ट्र शेंगदाण्याने भरलेला आणि घरातला डबा रिकामा, हे कोडं लोकांनी आपल्या परीने सोडवलं होतं: तेलिया राजांनी, म्हणजे तेलाच्या बड्या व्यापाऱ्यांनी, मुख्यमंत्र्यांना पैसा पुरवला आणि आता ते तो वसूल करताहेत.

मुख्यमंत्री होते चिमणभाई पटेल. १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसला १६८ पैकी १४० जागा मिळाल्या आणि घनश्याम ओझा मुख्यमंत्री झाले. जुलै १९७३ मध्ये चिमणभाईंनी त्यांना बाजूला सारलं. त्यासाठी आमदारांना अहमदाबादजवळच्या पंचवटी फार्मवर नेऊन ठेवलं होतं. पुढे महाराष्ट्राने रिसॉर्टचं राजकारण पाहिलं, त्याचा हा आधीचा अवतार.

चिमणभाई आमच्याच भागातले, त्या वेळच्या वडोदरा जिल्ह्यातल्या संखेडा तालुक्याचे. शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठात. १९५० मध्ये त्या विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे पहिले अध्यक्ष झाले ते हेच. पुढे अर्थशास्त्र शिकवायचे. विद्यार्थ्यांनी ज्याला खुर्चीवरून खेचलं, तो स्वतः विद्यार्थी चळवळीतून आलेला आणि महागाईचं शास्त्र शिकवलेला माणूस होता.

५३१ दिवस आधी. १० जानेवारी १९७४

३ जानेवारीला पुन्हा संप झाला, गुजरात विद्यापीठात पोलिसांशी चकमक झाली. ७ जानेवारीपासून बेमुदत संप. मागण्यांत आता मेस मागे पडली आणि महागाई व भ्रष्टाचार पुढे आले. विद्यार्थ्यांच्या पाठीशी १४ ऑगस्ट श्रमजीवी समिती उभी राहिली, प्राध्यापक आले, वकील आले. १० तारखेला अहमदाबाद आणि वडोदरा दोन्ही शहरं बंद झाली. बंदचं पुढे दोन दिवस दंगलीत रूपांतर झालं.

वडोदऱ्यात हे सगळं पेटलं ते रेल्वे रुळांच्या पूर्वेला, सयाजीगंज-फत्तेगंजच्या विद्यापीठ परिसरात आणि जुन्या शहरातल्या पोळांत. सुभानपुरा तेव्हा शहराची पश्चिमेची कड होता. जवळच गोरव्याचं अलेम्बिक, पलीकडे कोयलीची रिफायनरी, आणि नोकरीला आलेल्या माणसांसाठी नव्याने होणारी घरं. आज आमच्या सोसायटीत राहणाऱ्या मराठी घरांपैकी बरीच त्या वेळी दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत होती.

शेजारच्या काकी त्या जानेवारीत रावपुऱ्यात नव्या सून म्हणून आलेल्या होत्या. संध्याकाळी ठरल्या वेळी सगळी वस्ती गॅलरीत आणि ओट्यावर येऊन थाळ्या बडवायची. सरकारची मृत्युघंटा म्हणायचे तिला. काकींनी स्टीलचं ताट घेतलं, तेव्हा सासूबाईंनी ते काढून घेऊन हातात पितळी परात दिली. "हिचा आवाज कोठीपर्यंत जाईल." कोठी म्हणजे कलेक्टर कचेरी. परातीच्या काठाला उलथन्याचे पोचे पडले, ते अजून दिसतात. आता त्या परातीत दिवाळीची चकलीची भाजणी चाळली जाते.

"काकी, भीती नाही वाटली? बाहेर पोलीस होते ना?"

"अरे, समोरच्या मंजुळाबेन वाजवतायत, खालचे मास्तर वाजवतायत. मग मलाच कशाची भीती?"

आपल्याकडे मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं होतं ते याच काळात. गुजरातच्या थाळ्यांत आणि मुंबईच्या लाटण्यांत एक फरक होता. मुंबईच्या बायका भाव कमी करा म्हणत होत्या. गुजरातेत मागणी बदलत बदलत एका शब्दावर येऊन थांबली: राजीनामा.

५१६ दिवस आधी. २५ जानेवारी १९७४

राज्यभर बंद. निदान ३३ गावांत लोक आणि पोलीस समोरासमोर आले, ४४ ठिकाणी कर्फ्यू लागला. तीन दिवसांनी अहमदाबादेत लष्कर उतरलं. या सगळ्या आंदोलनात सुमारे १०० माणसं मेली, जखमींची संख्या हजारांत आणि अटका ८,०००च्या घरात गेल्या. १४० आमदारांचं बहुमत पाठीशी असलेल्या सरकारने आपल्याच लोकांवर गोळ्या चालवल्या. चिमणभाई जन्माने किंवा तलवारीच्या जोरावर राजे झाले नव्हते, निवडून आले होते. पण निवडून आलेल्या माणसाला लोकांचं ऐकावंसं वाटेनासं झालं की त्याची मोजणी मी हुकूमशहांतच करतो, मग विधानसभेत त्याच्या बाजूला कितीही बाकं भरलेली असोत.

५०१ दिवस आधी. ९ फेब्रुवारी १९७४

पंतप्रधान इंदिरा गांधींनी सांगितलं आणि चिमणभाईंनी राजीनामा दिला. पोळापोळांतून पेढे वाटले गेले.

या तारखेपाशी मला थांबावंसं वाटतं, कारण पुढच्या दीड वर्षाची मेख इथे आहे. राज्यपाल के. के. विश्वनाथन यांनी विधानसभा बरखास्त केली नाही, नुसती स्थगित केली. म्हणजे तेच १६७ आमदार पगारासकट शाबूत, फक्त कुलपाआड. दिल्लीला हवं तेव्हा कुलूप काढायचं, गटांची नवी जुळणी करायची, दुसरा माणूस बसवायचा. विद्यार्थ्यांच्या नवनिर्माण समितीचे नेते मनीषी जानी आणि त्यांचे सहकारी वयाने विशीतले होते. त्यांच्याजवळ 'कोण नको' याचं उत्तर होतं आणि ते त्यांनी जिवावर उदार होऊन दिलं. 'मग कोण, आणि कोणत्या वाटेने' हे ठरवायला त्यांना कोणी उसंत दिली नाही, आणि त्यांनीही ती मागितली नाही.

यात त्या पोरांना कमी लेखण्याचा हेतू नाही. चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, बँकॉकच्या विद्यार्थ्यांनी थानोम कित्तिकाचोर्न या लष्करशहाला देशाबाहेर घालवलं होतं. सप्टेंबर १९७६ मध्ये तो भिक्षूची वस्त्रं घालून परत आला. ६ ऑक्टोबरला थम्मासात विद्यापीठात निदर्शक विद्यार्थ्यांची कत्तल झाली आणि त्याच दिवशी लष्कराने सत्ता घेतली. इजिप्तमध्ये मुबारक फेब्रुवारी २०११ मध्ये गेले, जुलै २०१३ मध्ये लष्करप्रमुख सिसींनी निवडून आलेलं सरकार उलथवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना ढाक्याहून हेलिकॉप्टरने निघाल्या, तेव्हाही रस्त्यावरच्या पोरांना पहिल्या रात्री हाच प्रश्न पडला असणार. माणूस जातो तेव्हा खुर्ची जागच्या जागी राहते, आणि तिच्याभोवतीचे जाणते लोक लगेच कामाला लागलेले असतात.

४६६ दिवस आधी. १६ मार्च १९७४

मधल्या पाच आठवड्यांत मागणी बदलली: विधानसभा बरखास्त करा. ११ फेब्रुवारीला जयप्रकाश नारायण गुजरातेत आले. सत्तरी ओलांडलेला, राजकारणातून कधीच बाजूला झालेला हा माणूस इथली पोरं पाहून पुन्हा उभा राहिला, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. फेब्रुवारीच्या मध्याला संघटना काँग्रेसच्या १५ आमदारांनी राजीनामे दिले. मग जनसंघाचे गेले. उरलेल्यांच्या घरांना घेराव पडू लागले. मार्च उजाडेपर्यंत १६७ पैकी ९५ जणांनी राजीनामे दिले होते. १२ मार्चला संघटना काँग्रेसचे नेते मोरारजी देसाई आमरण उपोषणाला बसले आणि १६ मार्चला विधानसभा बरखास्त झाली.

नीट पाहा. चिमणभाईंना पोरांनी घालवलं होतं. शेवटचा टोला मात्र मोरारजींचा. इथून पुढे चळवळीचं सुकाणू पोरांच्या हातून सुटलं, ते परत आलं नाही. समितीत फूट पडली. परीक्षा तोंडावर आल्या. जयप्रकाश बिहारकडे वळले आणि ५ जून १९७४ ला पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. गुजरातेत राष्ट्रपती राजवट सुरू राहिली, म्हणजे राज्य दिल्लीतून चालू लागलं. ज्या जनतेने सरकार बदललं तिला वर्षभर सरकारच नव्हतं.

वडोदऱ्याला हा अनुभव नवा नव्हता. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, एप्रिल १८७५ मध्ये, मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढून मद्रासला पाठवलं गेलं होतं. त्यांच्या कारभाराविरुद्ध रयतेच्या तक्रारींचे ढीग पडले होते. पण काढलं ते इंग्रजांनी, आणि पुढे कोण हेही रयतेला कोणी विचारलं नाही. मालेगावकडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. तो सयाजीराव निघाला, हे वडोदऱ्याचं भाग्य. भाग्यावर राज्य सोडणं ही मात्र पद्धत होऊ शकत नाही.

१३ दिवस आधी. १२ जून १९७५

निवडणुका लांबत होत्या. एप्रिल १९७५ मध्ये मोरारजी पुन्हा उपोषणाला बसले, तेव्हा कुठे इंदिरा गांधींनी जूनमध्ये मतदान घ्यायचं कबूल केलं.

१२ जूनला सकाळी १० वाजता अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २४ नंबरच्या दालनात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निकाल वाचला. रायबरेलीतली इंदिरा गांधींची १९७१ ची निवडणूक रद्द, सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी. अपिलासाठी २० दिवसांची स्थगिती. तिथले पराभूत उमेदवार राज नारायण यांनी चार वर्षं चिकाटीने लढवलेला हा खटला होता.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गुजरातचा कौल स्पष्ट झाला. १८२ जागांच्या नव्या विधानसभेत काँग्रेसला ७५. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी यांचा जनता मोर्चा पुढे होता, पण त्यालाही बहुमत नव्हतं.

आणि मग उरले १२ आमदार. किसान मजदूर लोक पक्षाचे, म्हणजे किमलोपचे. या पक्षाचे नेते चिमणभाई पटेल.

७ दिवस आधी. १८ जून १९७५

बाबूभाई जशभाई पटेल मुख्यमंत्री झाले. स्वच्छ, साधा गांधीवादी माणूस. त्यांचं सरकार टिकलं ते किमलोपच्या पाठिंब्यावर. ज्यांच्याविरुद्धच्या आंदोलनात सुमारे १०० माणसं मेली, त्यांच्याच बारा मतांवर नवं सरकार उभं होतं. मला यात बाबूभाईंचा दोष दिसत नाही, आकडे तसेच पडले होते. पण त्या रात्री परात वाजवणाऱ्या घरांतून काय बोलणं झालं असेल याचा विचार करताना आजही पोटात तुटतं.

१ दिवस आधी. २४ जून १९७५

सर्वोच्च न्यायालयाचे सुट्टीतले न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली. इंदिरा गांधींना पंतप्रधान राहता येईल, लोकसभेत मत देता येणार नाही. त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे होते.

सोळा तास आधी. २५ जून, सकाळ

पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय दिल्लीत होते. त्यांना सकाळीच पंतप्रधानांच्या निवासस्थानी, १ सफदरजंग रोडला बोलावणं गेलं. काहीतरी कठोर केलं पाहिजे, असं इंदिरा गांधी म्हणाल्या. राय कायद्याचे जाणकार. घटना चाळून ते दुपारनंतर परत आले ते कलम ३५२ घेऊन. १९७१ च्या युद्धापासून बाह्य आक्रमणाची आणीबाणी लागूच होती. आता अंतर्गत अशांततेचं कारण द्यायचं. गुजरात आणि बिहार हीच ती अशांतता. दिल्लीनेही गेल्या दीड वर्षाचा धडा घेतला होता, आणि तो असा की एका राज्यात चाललं ते उद्या आपल्या दारात येईल.

सव्वासहा तास आधी. संध्याकाळी साडेपाच

इंदिरा गांधी आणि राय राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटायला गेले. शिफारस लिहून पाठवा, असं उत्तर मिळालं.

पाच तास आधी

रामलीला मैदानावर प्रचंड सभा. जयप्रकाशांनी पोलीस आणि सैनिकांना बेकायदा हुकूम पाळू नका, असं आवाहन केलं. लोक संघर्ष समितीची घोषणा झाली: अध्यक्ष मोरारजी, सचिव नानाजी देशमुख, हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. २९ जूनपासून सत्याग्रह सुरू होणार होता. लोक घरी गेले ते चार दिवसांनी पुन्हा भेटायचं ठरवून.

सव्वा तास आधी. रात्री साडेदहा

गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना बोलावून घेण्यात आलं. मंत्रिमंडळाला विचारलं नव्हतंच. पत्र राष्ट्रपती भवनात पोचलं.

पावणेबारा

राष्ट्रपतींनी सही केली.

तीन तासांनंतर

बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. गांधी पीस फाउंडेशनमध्ये झोपलेल्या जयप्रकाशांना उठवून अटक झाली. मोरारजींनाही. बंगळुरूला संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले मधू दंडवते, वाजपेयी आणि अडवाणी दिवस उजाडल्यावर पकडले गेले. सकाळी सहाला मंत्रिमंडळाची बैठक झाली. सही झालेल्या कागदाला मंजुरी द्यायची होती. यशवंतराव चव्हाण त्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते. स्वर्णसिंगांनी एखादा प्रश्न विचारला म्हणतात, बाकी शांतता. आठच्या सुमारास आकाशवाणीवर पंतप्रधानांचा आवाज आला.

पुढे वडोदऱ्यात

बाबूभाईंचं सरकार त्या दिवशी एका आठवड्याचं होतं. देश तुरुंगात असताना गुजरातेत काही महिने मोकळा श्वास घेता आला, बाहेरचे अनेक कार्यकर्ते इथे आसऱ्याला आले. समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस भूमिगत होऊन वडोदऱ्याला पोचले आणि इथेच डायनामाइट जमवण्याचा घाट घातला गेला. रक्त न सांडता दळणवळण खिळखिळं करायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला तो मार्ग तेव्हाही पटला नसता. पण सभा, वर्तमानपत्र आणि न्यायालय ही तिन्ही दारं बंद केल्यावर माणसं कुठे जातात, त्याचा तो पुरावा आहे. १२ मार्च १९७६ ला बाबूभाईंचं सरकार गेलं, पुन्हा राष्ट्रपती राजवट आली. त्याच महिन्यात वडोदऱ्यातला साठा पकडला गेला आणि शहराचं नाव देशभर गेलं ते बडोदा डायनामाइट खटल्यामुळे. जॉर्ज जूनमध्ये कलकत्त्याला सापडले. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि खटला मागे घेण्यात आला.

चिमणभाई पटेल ४ मार्च १९९० ला निवडणूक जिंकून पुन्हा गुजरातचे मुख्यमंत्री झाले आणि १७ फेब्रुवारी १९९४ ला मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले.

नवनिर्माण आंदोलनातली विशीतली मुलं आता सत्तरीपुढे गेली आहेत. सुभानपुऱ्यात, गोत्रीत, कारेलीबागेत ती तुमच्या शेजारी राहतात, सकाळी बागेत फिरायला येतात. त्यांना थाळ्यांबद्दल सगळे विचारतात. तुम्ही त्यांना ९ फेब्रुवारीच्या रात्रीबद्दल विचारा: पेढे खाऊन झाल्यावर, उद्या राज्य कोणी आणि कसं चालवायचं याबद्दल तुमच्यात काय बोलणं झालं? जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा.